ब्रिटनमध्ये इन्सुलिन सुरू झाल्यावर ड्रायव्हिंग लायसन्स आणि कार इन्शुरन्स: कोणाला, कधी, काय कळवायचं?

सुकाणू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माहिती माझ्या मोठ्या दिरांसाठी हवी आहे. वय ५४, टाइप २ डायबेटिस, इंग्लंडमध्येच राहतात, इथलंच पूर्ण लायसन्स आहे. इतकी वर्षं मेटफॉर्मिन आणि ग्लिक्लाझाइड चालू होतं. आता डॉक्टरांनी रात्री एकदा ग्लार्जिन इन्सुलिन सुरू केलंय आणि दंडाला साखर मोजणारा सेन्सर लावलाय. कामाला रोज ३५ मैल जाणं, तेवढंच येणं. गाडी आणि पॉलिसी त्यांच्या नावावर, जाऊबाई नेम्ड ड्रायव्हर (पॉलिसीत नाव असलेल्या दुसऱ्या चालक). पॉलिसी संपायला चार महिने आहेत.

प्रश्न असे:

१. डीव्हीएलएला (लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेला) कळवावंच लागतं का? रात्रीचं एकच इंजेक्शन आहे, तेही थोड्या युनिटचं.
२. कळवल्यावर उत्तर येईपर्यंत गाडी चालवता येते का?
३. सेन्सर आहे म्हटल्यावर बोट टोचायची गरज उरते का?
४. इन्शुरन्स कंपनीला आत्ता सांगायचं की रिन्यूअलला? नातेवाइकांत एकच सूर आहे, "सांगू नका, प्रीमियम दुप्पट होईल."

---

मैलाचा_दगड

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो, इन्शुरन्सचं इथले जाणकार सांगतील.

कळवावंच लागतं. इन्सुलिन किती युनिट, दिवसातून किती वेळा, टाइप १ की २, याला महत्त्व नाही. उपचार तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असेल तर डीव्हीएलएला सांगणं हे कायद्याने लायसन्सधारकाचं काम आहे. डॉक्टरांचं नाही, हे लक्षात घ्या. "जीपीने (नेहमीच्या डॉक्टरांनी) कळवलं असेलच" या भरवशावर बरेच जण राहतात. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि दरम्यान अपघात झाला तर खटलाही.

सूट फक्त तात्पुरत्या इन्सुलिनला आहे. गरोदरपणात सुरू झालेलं, किंवा काही कारणाने तीन महिन्यांच्या आत बंद होणारं. तिथेही हायपोचा (साखर फार खाली जाण्याचा) त्रास होऊ लागला किंवा इन्सुलिन तीन महिन्यांच्या (गरोदरपणातलं असेल तर बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या) पुढे गेलं की सूट संपली.

एक घोटाळा नेहमी होतो: इंजेक्शन म्हणजे इन्सुलिन असं धरलं जातं. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड ही इंजेक्शनं असली तरी इन्सुलिन नव्हेत. मोटारीच्या लायसन्ससाठी, बाकी काही गुंतागुंत नसेल तर, ती कळवायची गरज नाही. उलट झल्टोफाय आणि सुलिक्वा या पेनांत दुसऱ्या औषधाबरोबर इन्सुलिन मिसळलेलं असतं, म्हणजे ती इन्सुलिनमध्येच धरायची. पेनच्या खोक्यावरचं औषधाचं नाव वाचा, कंपनीचं ठसठशीत नाव नको.

ग्लिक्लाझाइडबद्दल: ही गोळी सल्फोनिलयुरिया गटातली, साखर खाली नेऊ शकणारी. तरी मोटारीच्या लायसन्ससाठी, जागेपणी दुसऱ्याची मदत लागेल असा हायपो १२ महिन्यांत एकापेक्षा जास्त वेळा झालेला नसेल आणि नियमित तपासणी चालू असेल, तर कळवावं लागत नाही. त्यामुळे दिरांनी आजवर कळवलं नसेल तर त्यात चूक काही नाही. इन्सुलिनने चित्र बदललं.

कसं कळवायचं: गव्ह डॉट यूकेवर ऑनलाइन, किंवा डीआयएबी १ हा फॉर्म भरून स्वान्सीला, डीव्हीएलएच्या कार्यालयात, पोस्टाने. त्यात उपचार, हायपोची जाणीव होते का, मदत लागलेले हायपो किती, डोळ्यांचा काही उपचार झालाय का, आणि डायबेटिसचं कोण बघतं त्यांचा पत्ता, एवढं येतं. सोबत तुमच्या डॉक्टरांना विचारायची संमती असते. ती सही राहिली की फॉर्म तिथेच अडकतो. पुढे डीव्हीएलए जीपीला किंवा क्लिनिकला प्रश्नावली पाठवते. सगळ्यांत जास्त उशीर याच टप्प्यावर होतो, म्हणून फॉर्म टाकताना क्लिनिकच्या रिसेप्शनला सांगून ठेवा की असा कागद येणार आहे. आणि स्वान्सीहून आलेलं पत्र जाहिरातींच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका. उत्तर नाही दिलं तर त्या एका कारणावरूनही लायसन्स रद्द होऊ शकतं.

मंजूर झालं की वयाच्या ७० वर्षांपर्यंतचं लायसन्स जाऊन एक, दोन किंवा तीन वर्षांचं येतं. मुदत संपण्याआधी डीव्हीएलए स्वतःच फॉर्म पाठवते आणि वैद्यकीय कारणाने आखूड केलेल्या लायसन्सच्या नूतनीकरणाला फी नाही.

दुसरा प्रश्न. लायसन्स अजून वैध आहे, नुसतं कळवलंय, डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलेलं नाही: चालवत राहता येतं. अडचण येते ती पुढे, नूतनीकरणाच्या वेळी. जुन्याची तारीख उलटते आणि नवं आलेलं नसतं. तेव्हा १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टचं कलम ८८ कामाला येतं. अर्ज डीव्हीएलएकडे पोहोचलेला, आधीचं लायसन्स वैद्यकीय कारणाने रद्द किंवा नामंजूर झालेलं नाही, कोर्टाने बंदी घातलेली नाही, अर्ज १२ महिन्यांच्या आतला, आणि डॉक्टरांच्या मते चालवायला हरकत नाही. एवढं जुळलं तर निकाल येईपर्यंत चालवता येतं. डॉक्टरांचं मत तोंडी घेऊ नका, जीपीच्या नोंदीत लिहून घ्यायला सांगा.

याला जोडून एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. डॉक्टर "काही काळ चालवू नका" म्हणाले, तर लायसन्स आपण होऊन परत करणं फायद्याचं. डीव्हीएलएने ते रद्द केलं तर कलम ८८ चा आधार जातो आणि नवं लायसन्स हातात पडेपर्यंत थांबावं लागतं. आपण होऊन दिलेलं असेल तर डॉक्टरांनी होकार दिला आणि नवा अर्ज पोहोचला की कलम ८८ खाली लवकर सुरुवात करता येते.

---

बोटटोच्या

तिसरा प्रश्न माझ्याकडे.

फेब्रुवारी २०१९ पासून मोटार आणि मोटारसायकलसाठी सेन्सरचं रीडिंग चालतं. त्याआधी बोट टोचणं सक्तीचंच होतं. पण ग्लुकोमीटर आणि पट्ट्या गाडीत असायलाच हव्यात, कारण तीन प्रसंगी बोट टोचूनच खात्री करायची आहे: सेन्सर ४.० मिलिमोल किंवा त्याखाली दाखवत असेल तर, हायपोची लक्षणं वाटत असतील तर, आणि अंगाला जे वाटतंय ते सेन्सरच्या आकड्याशी जुळत नसेल तर.

कारण सोपं आहे. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. साखर स्थिर असते तेव्हा दोन्ही आकडे जवळपास असतात. साखर वेगाने उतरत असते तेव्हा सेन्सर पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. सेन्सर ५.२ म्हणतो, बाण खाली, आणि रक्तात तोवर ४.३ झालेली असू शकते. ताशी ७० मैलांनी दहा मिनिटांत जवळजवळ १२ मैल जातात, एवढं ध्यानात ठेवा. म्हणून आकड्याइतकंच बाणाकडे बघायचं. उलटही होतं: रात्री सेन्सर लावलेल्या दंडावरच झोपलं की दाबामुळे तो खोटाच कमी आकडा दाखवतो आणि सकाळी आलेखात खड्डा दिसतो.

भारतातल्या मीटरची सवय असेल त्यांच्यासाठी: इथला आकडा मिलिमोलमध्ये असतो, त्याला १८ ने गुणा. ५ म्हणजे ९०, ४ म्हणजे ७२.

आता नियम. निघण्याआधीच्या दोन तासांत एकदा तपासायचं आणि गाडी चालवत असताना दर दोन तासांनी. यात एक बारकावा आहे. घड्याळ आधीच्या तपासणीपासून मोजायचं, गाडी सुरू केल्यापासून नाही. सहाला उठल्यावर तपासलं आणि साडेसातला निघालात, तर पुढची तपासणी आठपर्यंत व्हायला हवी, साडेनऊपर्यंत नाही. दिरांसारख्यांनी सरळ किल्ली हातात घेताना तपासावं, म्हणजे ३५ मैल त्या दोन तासांत सहज बसतात. संध्याकाळी निघताना पुन्हा. दुकान, शाळा, पोस्ट अशा छोट्या फेऱ्या असतील तर दर फेरीला नको, दोन तासांचं अंतर पाळलं की झालं.

५.० च्या वर: निघा. ५.० किंवा कमी: आधी काहीतरी पिष्टमय खा. ४.० च्या खाली, किंवा आकडा काहीही असो पण हायपो वाटतोय: गाडी चालवायची नाही. ही पाचाची ओळ म्हणजे नुसता सल्ला असं समजू नका. डीव्हीएलएच्या आयएनएफ २९४ या पत्रकात ती छापलेली आहे, आणि अपघातानंतर मीटरची मेमरी बघितली जाते.

रस्त्यात हायपो आला तर क्रम असा:

जमेल तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबा. इंजिन बंद. किल्ली काढा. ड्रायव्हरच्या सीटवरून उठून शेजारच्या सीटवर बसा. मग ग्लुकोज घ्या.

सीट बदलायचा भाग लोकांना पोरखेळ वाटतो. पण त्याच रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टच्या कलम ४ खाली औषधाच्या अमलाखाली गाडी "ताब्यात असणं" हाही गुन्हा आहे, नुसतं चालवणंच नव्हे. आणि इन्सुलिन हे त्या कलमापुरतं औषधात मोडतं, हे इथल्या न्यायालयाने १९५७ मध्ये, आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लार्क खटल्यात ठरवून टाकलंय. किल्ली लावलेली, माणूस चाकामागे, साखर ३: पोलिसाला दिसतं ते एवढंच. म्हणून शेजारची सीट. किल्ली नसलेल्या, बटणाच्या गाडीत इंजिन बंद करून फॉब (रिमोट किल्ली) मागच्या सीटवर किंवा डिकीत ठेवा.

किती ग्लुकोज? १५ ते २० ग्रॅम, लगेच रक्तात जाणारं. ग्लुकोजच्या गोळ्या साधारण तीन ते चार ग्रॅमच्या असतात, म्हणजे पाच-सहा. साधा कोला १५० ते २०० मिली, "झिरो" किंवा "डाएट" नको. इथे २०१८ ला शीतपेयांवर साखर कर आला, त्याच्या आसपास बऱ्याच कंपन्यांनी साखर कमी केली. त्यामुळे जुन्या अंदाजावर बाटली घेऊ नका, मागचं लेबल बघा. चॉकलेट चुकीचं: त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. दहा-पंधरा मिनिटांनी बोट टोचा, ४ च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. चढल्यावर बिस्किटं, सँडविच असं काही टिकणारं.

आणि मग ४५ मिनिटं. साखर ५ च्या वर आल्यापासून ४५, ग्लुकोज खाल्ल्यापासून नाही. आकडा लवकर सुधारतो, मेंदूचा वेग मागून येतो. माणसाला बरं वाटत असतं, पण ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ अजून वाढलेला असतो. कामाला उशीर होणार हे धरूनच चाला, फोन करून सांगा.

गोळ्या कुठे ठेवायच्या तेही सांगतो, कारण नेमकं इथेच चुकतं. डिकीतल्या बॅगेत नाही. ग्लोव्ह बॉक्समध्येही नाही, कारण तो गडबडीत पट्टा सोडून वाकल्याशिवाय उघडत नाही. दरवाज्याच्या कप्प्यात, उजव्या हाताला, नळी उघडून एकदा सील फोडलेली. हायपोत थरथरत्या बोटांनी ते प्लास्टिकचं सील निघत नाही. पट्ट्यांची डबी मात्र गाडीत कायमची ठेवू नका. बहुतेक पट्ट्या २ ते ३० अंशांत ठेवायच्या असतात, आणि उन्हात उभ्या गाडीत किंवा जानेवारीच्या रात्री ती मर्यादा सहज ओलांडली जाते. इन्सुलिनचं तेच: एकदा गोठलेलं पेन फेकून द्यायचं, वितळलं तरी.

बोट टोचण्याआधी हात धुवा. पाणी नसेल तर निदान पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. संत्रं सोललेल्या बोटावर ४ चा ८ दिसतो.

---

सुकाणू

बापरे, केवढी माहिती! दोघांचे मनापासून आभार. फॉर्म या आठवड्यात जातोय.

दोन उपप्रश्न. एक: दिरांना रक्तदाबासाठी बिसोप्रोलॉलही चालू आहे, त्याने फरक पडतो का? दोन: गेल्या आठवड्यापासून लांबचं धूसर दिसतंय म्हणतात, नवा चष्मा करायला निघालेत.

---

काजवा

चष्मा आत्ता करू नका. वाढलेली साखर इन्सुलिनने झपाट्याने खाली आली की डोळ्याच्या भिंगातलं पाण्याचं प्रमाण बदलतं आणि नंबर सरकतो. काही आठवड्यांत तो आपोआप स्थिरावतो. आत्ता केलेला चष्मा तेव्हा कपाटात जाईल. साखर स्थिर झाल्यावरच नंबर काढा.

पण तोवर गाडीचं काय? २० मीटरवरची नंबरप्लेट चष्म्यासह वाचता यायला हवी. २० मीटर म्हणजे ओळीने उभ्या पाचेक गाड्या. रोज निघताना समोरच्या रांगेतली एक प्लेट वाचून बघावी. नाही वाचता आली तर त्या दिवशी बस किंवा जाऊबाई. याखेरीज ६/१२ दृष्टी आणि आडवं १२० अंशांचं दृष्टिक्षेत्र लागतं.

रेटिनोपॅथीसाठी (डायबेटिसमुळे डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या इजेसाठी) दोन्ही डोळ्यांना लेसर झालं असेल, किंवा एकाच डोळ्याने दिसत असून त्याला झालं असेल, तर तेही डीव्हीएलएला कळवायचं. मग दृष्टिक्षेत्राची चाचणी होते. लेसर कडेचे ठिपके जाळतं, मधलं वाचवतं. म्हणून तक्ता नीट वाचणाऱ्यालाही बाजूने येणारा सायकलवाला दिसत नाही, असं होऊ शकतं.

डोळ्यांच्या वार्षिक स्क्रीनिंगला गाडीने जाऊ नका. बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, पुढचे दोन ते सहा तास चालवता येत नाही. बाहेर आल्यावर उन्हाचा नुसता पांढरा पडदा.

बिसोप्रोलॉल: बीटा ब्लॉकरने हायपोची धडधड आणि थरथर दबते. घाम मात्र येतो. तेव्हा "छाती धडधडली की कळेल" यावर विसंबू नये. अकारण घाम, ओठांना मुंग्या, लक्ष उडणं, एकच वळण चुकणं, याकडे बघावं. औषध स्वतःहून बंद करायचं नाही हे वेगळं सांगायला नको. डायबेटिस नर्सला मात्र सांगा, त्या सेन्सरचा अलार्म थोडा वर लावून देतील.

---

कागदी_घोडा

चौथ्या प्रश्नावर येतो. त्या "दुप्पट होईल" वाल्या नातेवाइकांना आधी एवढंच विचारा की हे कोणत्या कायद्याने. २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टनुसार विमा कंपनीला अपंगत्वाच्या कारणावरून जादा प्रीमियम लावायचा असेल तर हाताशी भरवशाची, त्या जोखमीशी संबंधित माहिती असावी लागते, आणि इन्सुलिनवरचा मधुमेह बहुतेक वेळा त्या कायद्याच्या व्याख्येत बसतो. "डायबेटिस आहे ना, मग लावा वीस टक्के" असं मनाला येईल तसं चालत नाही. एखादी कंपनी महाग निघाली तर कारण विचारा आणि दुसरीकडे बघा.

गाडीचा विमा आणि प्रवासविमा यांची गल्लत करू नका. प्रवासविम्यात तुमचा अख्खा वैद्यकीय इतिहास विचारतात, कारण हॉस्पिटलचं बिल ते भरणार असतात. गाडीच्या विम्यात प्रश्न साधारण एकच असतो: डीव्हीएलएला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे का, आणि डीव्हीएलएला त्याची कल्पना आहे का. तुलनेच्या संकेतस्थळांवर याचे पर्याय ठरलेले असतात: "नाही"; "हो, डीव्हीएलएला माहीत आहे आणि निर्बंध नाहीत"; "हो, एक वर्षाचं लायसन्स"; तसंच दोन वर्षांचं, तीन वर्षांचं.

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. नुसत्या मेटफॉर्मिनवरचा माणूस घाबरून "हो" म्हणतो, पुढे "डीव्हीएलएला कळवलं?" आलं की अडतो, कारण त्याला कळवायचंच नसतं. त्याचं बरोबर उत्तर "नाही". आणि इन्सुलिनवरचा माणूस "नाही" म्हणतो, कारण गेल्या वर्षीचं पान आपोआप भरून आलेलं असतं. रिन्यूअलच्या कागदांसोबत "स्टेटमेंट ऑफ फॅक्ट" (तुमच्या उत्तरांची यादी) येतं ना, कोणी वाचत नाही ते, ते ओळ न ओळ वाचा. नेम्ड ड्रायव्हरलाही हाच प्रश्न असतो. उद्या जाऊबाईंना इन्सुलिन लागलं तर त्यांच्या रकान्यातही बदल करायचा.

आत्ता की रिन्यूअलला? पॉलिसीच्या पुस्तिकेत "आम्हाला कळवायचे बदल" असं एक पान असतं. त्यात प्रकृती किंवा लायसन्सच्या दर्जातला बदल लिहिलेला असेल, आणि बहुधा असतोच, तर आत्ता. माझा सल्ला दोन टप्प्यांचा: डीव्हीएलएला फॉर्म गेला की कंपनीला कळवा, "इन्सुलिन सुरू झालं, डीव्हीएलएला अमुक तारखेला कळवलं, निकाल यायचाय." आखूड लायसन्स आलं की पुन्हा, मुदत किती वर्षांची ते. वेबचॅट किंवा ईमेलने सांगा म्हणजे लेखी राहतं. फोनवरच सांगावं लागलं तर तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव लिहा आणि सुधारित कागदपत्र मागा. मधल्या बदलाची प्रशासकीय फी काही कंपन्या घेतात. ती प्रीमियमची वाढ नव्हे, नातेवाइकांच्या अफवांचा उगम बहुधा तिथेच आहे.

न सांगितल्यास काय होतं, ते २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यात आहे. विचारलेल्या प्रश्नाला काळजीपूर्वक खरं उत्तर देणं हे ग्राहकाचं काम. चूक निष्काळजीपणाची ठरली तर कंपनी प्रमाणात कापते. खरं उत्तर दिलं असतं तर प्रीमियम ६०० पौंड झाला असता आणि तुम्ही ५०० भरलेत, तर ६,००० च्या क्लेमचे ५,००० मिळतात. खरं कळलं असतं तरी प्रीमियम तेवढाच राहिला असता, तर काही कापता येत नाही. मात्र जाणूनबुजून लपवल्याचं दिसलं तर पॉलिसी सुरुवातीपासून रद्द, क्लेम शून्य, भरलेला प्रीमियमही बहुधा परत नाही. समोरच्याचं नुकसान कंपनीला तरीही भरावं लागतं, आणि ते ती तुमच्याकडून वसूल करू शकते. त्यापुढे प्रत्येक अर्जात "आधी पॉलिसी रद्द झाली होती का" या रकान्यात "हो". खरा दुप्पट प्रीमियम तिथे लागतो.

---

मैलाचा_दगड

घोड्याशी सहमत. लायसन्सच्या बाजूने थोडी भर.

दिरांनी इथली परीक्षा १ जानेवारी १९९७ पूर्वी दिली असेल तर लायसन्सवर सी१ आणि डी१ असतील, म्हणजे साडेसात टनांपर्यंतची व्हॅन आणि मिनीबस. इन्सुलिन सुरू झाल्यावर हे गट मोटारीबरोबर आपोआप परत येत नाहीत. त्यांना लॉरी-बसचे कडक निकष लागतात: १२ महिन्यांत मदत लागलेला एकही हायपो नको, झोपेतलाही नको, हायपोची पूर्ण जाणीव हवी, गाडी चालवायची नसेल त्या दिवशीही किमान दोनदा तपासणी, मेमरी असलेलं मीटर, आणि दर वर्षी नव्याने मंजुरी. मंदिराची मिनीबस चालवणारे काका इथे हमखास अडकतात. टॅक्सीचं लायसन्स स्थानिक कौन्सिल देतं आणि बऱ्याच कौन्सिल टॅक्सीलाही हेच निकष लावतात.

मोटारीसाठी झोपेतले हायपो जानेवारी २०१८ पासून मोजत नाहीत. जागेपणी, दुसऱ्या माणसाची मदत लागलेले मोजतात. मदत लागणं महत्त्वाचं, मिळणं नाही. बायकोने कौतुकाने सरबत आणून दिलं आणि तुम्ही स्वतःही उठून घेऊ शकला असता, तर तो गंभीर हायपो नव्हे. फॉर्म भरताना लोक यात घोळ घालतात, "हो, दोनदा" लिहितात आणि लायसन्स गमावून बसतात. खरोखर १२ महिन्यांत असे दोन झाले असतील तर मात्र गाडी थांबवायची आणि कळवायचं. हायपोची चाहूलच लागेनाशी झाली असेल तर एकही न होता थांबवायचं. आणि गंभीर हायपो गाडी चालवताना आला असेल तर एकदाच झाला तरी कळवायचा.

---

सुकाणू

स्पष्ट झालं. शेवटचं: भाड्याची गाडी किंवा कंपनीची गाडी?

---

कागदी_घोडा

कंपनीची गाडी असेल तर फ्लीट (कंपनीच्या गाड्यांचा ताफा) सांभाळणाऱ्याला कळवायचं. तिथली पॉलिसी मालकाच्या नावाची, पण लायसन्सची खबर देणं कर्मचाऱ्याकडे.

भाड्याच्या गाडीला कार्ड दाखवताना तारखा बघा. ४बी समोरची तारीख कार्डाची, मागच्या बाजूला रकाना ११ मध्ये प्रत्येक गटाची. आखूड लायसन्सवर लोक पुढची तारीख बघून निश्चिंत होतात आणि मागच्या रकान्यात मोटारीचा गट आधीच संपलेला असतो. गव्ह डॉट यूकेवरून शेअर कोड (ज्याने समोरच्याला तुमच्या लायसन्सची नोंद बघता येते) काढून द्या, तो २१ दिवस चालतो. कलम ८८ वर असताना हातात चालू तारखेचं कार्ड नसतं, आणि भाड्यावाले बहुधा नाही म्हणतात. तेव्हा सुट्टीच्या आधी नूतनीकरणाला भरपूर वेळ ठेवा.

क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन (कंपनीबाहेरची तक्रार निवारण संस्था). अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत जायचं. तिथे फी नाही. सोबत तीन कागद: डीव्हीएलएला कळवल्याचा पुरावा, कंपनीला कळवल्याचा ईमेल, आणि अपघाताच्या दिवसाचं मीटर किंवा सेन्सरच्या अ‍ॅपचं रीडिंग, वेळेसकट. मीटरचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरमध्ये एक तास सरकवायला विसरू नका. घड्याळ तासभर चुकलेलं असेल तर निघण्याआधी केलेली तपासणी कागदावर अपघातानंतरची दिसते.